मनगटांची ऊब

लॅपटॉपच्या कीबोर्डखाली मनगटं टेकायची जागा असते. काकांच्या लॅपटॉपवर तिथे दोन चकचकीत डाग पडले होते. डावा उजव्यापेक्षा बोटभर रुंद.

हे खरं घडलेलं आहे. माझ्या सख्ख्या मावशीच्या घरी, एका रविवारी, दुपारी चार वाजता.

मावशी घरीच लॅपटॉप दुरुस्त करते. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, जाऊन वर्ष झालं होतं. तेव्हापासून लेक तिच्या मागे लागली होती, "आई, घर बंद कर नि माझ्याकडे राहायला ये."

मावशीचं उत्तर ठरलेलं. "बघू गं."

त्या दिवशी लेक फोनवर म्हणाली, "निदान बाबांचा लॅपटॉप तरी दे. पण आधी साफ कर हं. इतका तापायचा, की त्यावर चहा झाला असता!"

"तुझ्या चहापेक्षा बरा झाला असता," मावशी म्हणाली.

फोन ठेवून तिने मागचं झाकण उघडलं. बॅटरी काढून खणात ठेवली. पंख्यामागे धुळीची गादी साचली होती, ती ब्रशने काढली. चिपवरची, उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळली होती, ती पुसून नवी लावली. झाकण बसवलं नि लॅपटॉप सुलटा करून उघडला...

हाताला ऊब लागली.

बॅटरी तर खणातच होती.

मावशी घाबरणाऱ्यातली नाही. तिने दुरूनच तापमान दाखवणारा तापमापक रोखला. चिपच्या जागी चोवीस अंश. खोलीइतकंच.

डाव्या डागावर... साडेतेहतीस.

उजव्या डागावर... साडेतेहतीस.

"ऊन आलं असेल," ती पुटपुटली. पडदा ओढलेला होता.

मग तिने तापमापक स्वतःच्या मनगटावर धरला.

साडेतेहतीस.

पाच मिनिटं थांबून पुन्हा मोजलं. डाग निवायचं नाव घेईनात. रस्त्यावरची रहदारी ऐकू येईनाशी झाली. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकसुद्धा...

तेवढ्यात मागे काकांची खुर्ची करकरली. ते उठताना करकरायची, तशीच.

डावा डाग... चोवीस.

उजवा... चोवीस.

आणि मावशीच्या खांद्यावर ऊब आली. तळहाताएवढी.

तिने तापमापक खांद्याकडे वळवला नाही. का नाही, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

मागे वळून न बघता, वर्षभर अडलेलं वाक्य ती मोठ्याने बोलली.

"अहो, मी उद्या लेकीकडे राहायला जातेय. तुम्ही येऊ नका."