रेडिएटरातला वेलचीचा वास

"ज्वें किलास गेलाय," हरिलाल मेकॅनिक हात पुसत म्हणाला. "इंजिनाच्या डोक्याखालचं पॅकिंग फुटलंय, बाबूराव. इंजिनातलं तेल पाण्यात शिरतंय. हे बघा, रेडिएटरात कशी साय धरलीये. आता गाडी चालवू नका. इंजिन उघडावं लागणार, पंधरा दिवस धरून चला."

बाबूरावांची मुलगी चंपा बोटांवर दिवस मोजू लागली. पंधरा दिवस! आणि तिची थोरली बहीण इंद्राणीताई तर उद्याच येणार होती.

येणार म्हणजे तरी काय, तिचं विमान प्लेझांसच्या विमानतळावर दोन तास टेकणार होतं. सहा वर्षांपूर्वी ताई नर्सिंग शिकायला इंग्लंडला गेली, तिकडेच तिने लग्न केलं आणि आता नवऱ्याबरोबर कायमची ऑस्ट्रेलियाला निघाली होती. 'बाहेर सोडणार नाहीत, पण सकाळी सातला जाळीपाशी येईन,' असं तिने लिहिलं होतं. रविवारी एवढ्या सकाळी त्यांच्या गावाहून, शमें ग्रेनिएहून, बस नव्हती. गावातली एकुलती एक टॅक्सी वऱ्हाडाने आधीच पटकावली होती.

"पत्र टाकू तिला," बाबा म्हणाले आणि बॉनेट आपटून आत गेले. विमानात बसलेल्या माणसाला पत्र कसं पोचतं, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

चंपा अंगणातल्या दगडावर बसली. ताईचा चेहरा तिला आता फोटोतलाच आठवायचा. आवाज तर पार विसरला होता. ताई गेली तेव्हा चंपा सहा वर्षांची होती. ताई रोज तिची वेणी घालायची आणि शेवटी फित ओढून काहीतरी म्हणायची. काय म्हणायची? ते एक वाक्य ऐकायला चंपा सहा वर्षं झुरत होती. बारा वर्षांच्या मुलीने असं रडू नये म्हणतात, पण ती रडली.

"रडून गाडी चालत नाही," गजेंद्र म्हणाला. तो तिचा चुलतभाऊ, धाकट्या बहिणीला, बसंतीला घेऊन सुटीसाठी लॉंग माउंटनहून आला होता. त्याचे वडील साखर कारखान्याचे ट्रक दुरुस्त करत, आणि त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असा गजेंद्रचा ठाम समज होता. या वेळी तो अगदीच खोटा नव्हता. "ज्वें किलास गेला की तीन खुणा दिसतात, पापा सांगतात. आपण त्या बघायच्या."

"हरिलालकाकांनी बघितल्याच असतील की."

"त्यांनी झाकण उघडलं, साय बघितली आणि निकाल दिला. मी उभा होतो ना तिथे."

इंजिन थंडगार होतं. गजेंद्रने तेल मोजायची पट्टी ओढून काढली. "पाणी तेलात शिरलं, तर तेल दुधाच्या चहासारखं होतं. हे बघ."

पट्टीवरचं तेल काळंभोर होतं.

चंपाने डोळे पुसले. "दुसरी?"

दुसरीसाठी बाबांना बाहेर आणावं लागलं. ते कुरकुरत आले, पण चंपाचं तोंड बघून मुकाट्याने चावी फिरवली. रेडिएटरचं झाकण उघडंच होतं. तिघं लांबून डोकावली. पॅकिंग फुटलं असतं, तर पाण्यात बुडबुडे आले असते; एकही आला नाही. तिसरी खूण म्हणजे मागच्या नळीतला पांढरा धूर; तोही निघाला नाही.

"मग हे तेल आलं कुठून?" बाबांनी इंजिन बंद केलं.

चंपाने सायीत काडी बुडवली. सायीखाली तेलाचे थेंब तरंगत होते. पट्टीवरचं तेल काळं आणि हे पिवळंधमक! तिने काडी गजेंद्रपुढे धरली, तेवढ्यात मध्येच बसंतीने नाक खुपसलं.

"कानवले!" बसंती म्हणाली. "वेलचीचा वास येतोय. मला भूक लागली."

चंपाने काडी हुंगली. मग चंपा स्वयंपाकघराकडे धावली. आईने कालच ताईसाठी डबाभर कानवले तळले होते.

"आई, तळणीचं उरलेलं तेल कुठाय?"

"मागल्या दारी डब्यात ठेवलं होतं. संध्याकाळी बघते तर डबा रिकामा. मी त्या मांजराला चांगलं झोडपलं."

बाबा डोकं खाजवू लागले. "काल गाडीत पाणी घातलं खरं. नळाखाली डबा धरला, भरला आणि ओतला. डब्यात आधी काय होतं ते... बघितलं नाही."

"बिचारं मांजर," आई म्हणाली. बाबांना सुनवायचं बाकीचं तिने रात्रीच्या जेवणासाठी राखून ठेवलं.

हरिलालला परत बोलावलं. त्याने काडी हुंगली, पट्टी बघितली आणि काडी पुन्हा हुंगली. "आयो," तो शेवटी म्हणाला. "पोरांनी माझी शाळा घेतली, बाबूराव." आणि बाही सरसावून तो कामाला लागला. रेडिएटर रिकामा केला, साबणाचं कोमट पाणी फिरवलं, मग साधं पाणी, चार वेळा. दिवस मावळायच्या आत पाणी स्वच्छ दिसू लागलं.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला मोटार प्लेझांसला उभी होती.

जाळीपलीकडून एक बाई धावत आली. फोटोतल्यापेक्षा ती बारीक होती. आधी बाबाच बोलले. त्यांनी डब्याची गोष्ट सांगितली, स्वतःची चूक काही लपवली नाही. "मी हात टेकले होते," ते म्हणाले. "या तिघांनी शोधलं, म्हणून आज तू दिसलीस." ताई रडता रडता हसली आणि जाळीच्या गजांतून आलेला कानवला तिने तिथेच खाल्ला.

दोन तास कुठल्या कुठे गेले. आतून बोलावणं आलं.

"वळ पाहू," ताई म्हणाली. गजांतून हात घालून तिने चंपाची वेणी सोडली, पुन्हा घातली, फित ओढली. "झालं. पळ आता, मागे बघू नकोस."

हेच ते वाक्य. चंपाला ते ऐकताक्षणी आठवलं.

लहानपणी ती ऐकायची आणि शाळेकडे धूम ठोकायची. आज मात्र तिने ऐकलं नाही. सगळे मोटारीत जाऊन बसले, बाबांनी दोनदा हॉर्न वाजवला, तरी चंपा जाळीला धरून उभी होती. विमान समुद्रावर ठिपक्याएवढं झालं, आणि दिसेनासं झालं, तरी ती बघत होती.