कडं म्हणतं शून्य

"कुमुदताई, कडं सांगतंय की गेल्या पंधरा दिवसांत तुम्ही एकदाही खाजवलेलं नाही," हर्षदा फिरके म्हणाली.

"बरोबर सांगतंय," कुमुद वाणी म्हणाल्या. "पण खाज आहे."

"किती?"

"होती तेवढीच."

हर्षदाने पडद्याकडे पाहिलं. 'खाज' या शब्दापुढे शून्य होतं आणि ते बदलायची सोय तिलाच काय, डॉक्टरांनाही नव्हती. हा संवाद महिन्याभरात तिसऱ्यांदा होत होता. बाहेर बाकांवर अजून सहा जण बसले होते, छपाईयंत्रातला कागद अडकला होता, आणि समोरची बाई नितळ हात मांडीवर ठेवून शांतपणे सांगत होती की तिला खाज आहे.

कडं म्हणजे मनगटात घालायचा करड्या रबराचा पट्टा. नख कातडीवर घासलं की बोटांच्या हाडांतून एक बारीक थरथर मनगटापर्यंत येते. भांडी घासण्याची किंवा केस विंचरण्याची थरथर वेगळी, ही वेगळी, आणि कड्याला ती ओळखता येते. झोपेतलं खाजवणंसुद्धा त्यातून सुटत नाही. शिवाय दर भेटीला रुग्णाला छायाकक्षात उभं करायचं. तिथले सोळा कॅमेरे अंगावरची लाली, जाडी आणि ओरखडे टक्क्यांत मोजायचे. कड्याचा आकडा आणि कॅमेऱ्यांचा आकडा एकत्र करून निघायचा तो प्रतिसादांक, म्हणजे औषधाला शरीराने किती दाद दिली त्याचं माप. कुमुदताईंचा प्रतिसादांक शंभरात सत्त्याण्णव होता. जळगावच्या या केंद्रातल्या अठ्ठावीस रुग्णांत सगळ्यांत चांगला.

चाचणी इसबावरच्या नव्या गोळीची होती. खोट्या गोळीशी तुलना आधीच्या टप्प्यात उरकली होती. आता सगळ्यांना खरं औषध मिळत होतं आणि वर्षभर त्यांचं माप तेवढं घ्यायचं होतं. अकरा देशांत हेच चाललं होतं.

हर्षदा सात वर्षं औषधचाचण्यांची समन्वयक होती. कडं येण्यापूर्वीचे दिवस तिने पाहिले होते. तेव्हा रुग्णाला विचारावं लागे, शून्य ते दहामध्ये तुमची खाज किती? कुणी काल पाच सांगितले म्हणून आज चार सांगायचं. कुणाचा नवराच बायकोच्या वतीने उत्तर द्यायचा. एक आजोबा तर दर वेळी "तुम्हाला योग्य वाटेल तो लिहा" म्हणायचे. नव्या नियमावलीतून तो प्रश्न काढून टाकला तेव्हा हर्षदाने सुटकेचा श्वास टाकला होता. म्हणूनच तिला आता कुमुदताईंचा राग येत होता, आणि राग येतोय याचाही राग येत होता.

तिने आपल्या परीने प्रयत्न केले होते. पहिल्यांदा कंपनीच्या प्रणालीत दुष्परिणामांच्या रकान्यात 'खाज' लिहिलं. उत्तर आलं: खाज हे मूळ आजाराचं लक्षण आहे, दुष्परिणाम नव्हे, तिच्या नोंदीसाठी कड्याचा आकडा वापरावा. दुसऱ्यांदा तिने 'इतर' या रकान्यात लिहिलं की कड्याचा आकडा आणि रुग्णाचं म्हणणं जुळत नाही. उत्तर आलं: कृपया कड्याची बॅटरी तपासा. तिसऱ्यांदा तर कुरिअरने दोन नवी कडी आली. कुमुदताईंनी दोन्ही मनगटांत घातली. दोन्ही शून्य दाखवू लागली.

"ताई, खरं सांगू का," हर्षदा म्हणाली, "तुम्ही खाज दाबून ठेवता. तुम्हाला सवयच आहे तशी. कडं खाजवणं मोजतं. तुम्ही खाजवलंच नाही तर ते काय मोजणार?"

हा तर्क तिला परवाच सुचला होता आणि तो सुचल्यापासून तिला जरा हायसं वाटत होतं. कुमुदताई बावीस वर्षं सराफाच्या पेढीत विक्रीला होत्या. गिऱ्हाइकापुढे हात पसरून बांगडी दाखवायची, गळ्याला लावून हार दाखवायचा, हेच काम. तिथे खाजवून चालत नाही. गिऱ्हाईक हाताकडे बघतं आणि उठून जातं. त्यामुळे त्या काउंटरखाली पायाचा अंगठा फरशीवर दाबून धरायच्या, जीभ दाताखाली धरायच्या आणि हसून बोलत राहायच्या. तरी सहा वर्षांपूर्वी मनगटं सोलवटली तेव्हा मालकांनी त्यांना आतल्या खोलीत चांदीच्या भांड्यांवर बसवलंच. या गोळीने कातडी भरून आली आणि दोन महिन्यांपूर्वी त्या पुन्हा सोन्याच्या काउंटरवर आल्या होत्या.

कुमुदताईंनी मान हलवली.

"तसं असतं तर मला कळलं असतं की हो. आवरणं काय असतं ते मला चांगलं माहितीये, मॅडम. हात निघतो, त्याला मागे ओढावं लागतं. संध्याकाळपर्यंत खांदे भरून यायचे माझे. आता मागे ओढावं लागतच नाही. खाज येते, पण हात निघतच नाही."

"म्हणजे हात हलत नाही?"

"हलतो ना. हे बघा." त्यांनी डाव्या मनगटावर नखं फिरवली. पडद्यावरचं शून्य एक झालं. "पण यात काही राहिलेलं नाही. पूर्वी घरी गेल्यावर खाजवलं की कसं बरं वाटायचं. रक्त यायचं, पण बरं वाटायचं. आता भाजीत मीठ घालायचं राहून गेल्यासारखं लागतं. म्हणून मग खाजवतच नाही. ती आपली तशीच राहते अंगावर. सकाळपासून रात्रीपर्यंत."

हर्षदाने पुढच्या रुग्णाला अर्धा तास थांबायला सांगितलं आणि ती डॉ. बेंडाळ्यांच्या खोलीत गेली.

डॉ. बेंडाळे या केंद्राचे प्रमुख संशोधक. पूर्वी एकाच रुग्णाच्या अंगावरचा एकच चट्टा पाहून दोन डॉक्टर दोन वेगळे गुण द्यायचे आणि वर भांडायचे, ते त्यांनी पंधरा वर्षं सोसलं होतं. यंत्राने मापन व्हावं म्हणून धडपडलेल्यांपैकी ते एक होते.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"खाजेला मेंदूत एकच वाट नसते," ते सावकाश म्हणाले. "एका वाटेने ती जाणवते. दुसऱ्या वाटेने हात उठतो, आणि खाजवल्यावरचं समाधानही तिकडूनच येतं. ही गोळी फक्त दुसरी वाट बंद करत असेल तर…" ते थांबले. "पण हर्षदा, अठ्ठावीसातली एक बाई आहे ही. आणि कातडी बरी झाली आहे."

"नखं लागत नाहीत म्हणून बरी झाली, सर."

"असेल. पण लिहू कुठे मी हे? रकाना दाखव."

रकाना नव्हता. हर्षदा वैतागून बाहेर आली. त्या दुपारी जेवणाचा डबा न उघडताच तिने उरलेल्या सत्तावीस जणांना फोन लावायला घेतले. उत्तर तोंडात कोंबायचं नाही, एवढं तिने ठरवलं होतं. प्रत्येकाला एकच विचारायचं: आत्ता या क्षणी अंगावर काय जाणवतंय?

पहिल्या चौघांनी सांगितलं, बरं आहे मॅडम, एकदम छान. पाचव्या होत्या चोपड्याच्या एक अंगणवाडी सेविका. त्यांनीही छानच म्हटलं आणि मग विचारलं, "जाणवतं म्हणजे आतून का?"

"आतून."

"आतून आहे की. पण ते काय धरायचं? कडं तर शून्य दाखवतं."

हर्षदाने पहिल्या चौघांना पुन्हा फोन लावले.

मग यादीतले पुढचे नाव घेतले. भुसावळचे लक्ष्मण सपकाळे रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी आधी दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "बाई, घरात कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही पण सांगू नका. मी त्या मनाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. दोनदा. अंग स्वच्छ, यंत्रात शून्य, आणि मला वाटतंय मुंग्या चालल्यात. म्हटलं, माझं डोकंच फिरलं असणार. त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्यात."

"काका, तुम्ही आम्हाला का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं कुठे?"

फोन ठेवून हर्षदाने सपकाळ्यांच्या नावापुढे खूण केली. मघाचा वैताग आता कुमुदताईंवर नव्हता, कंपनीवरही पुरता नव्हता. प्रश्न काढून टाकल्यावर सुटकेचा श्वास कुणी टाकला होता, ते तिला आठवत होतं.

सत्तावीसपैकी एकोणीस जणांना खाज होती. कुणी तिला जुनी सवय म्हणत होतं, कुणी भास. एक कॉलेजातली मुलगी म्हणाली, इतकं महागडं औषध फुकट मिळतंय, तक्रार कशी करायची?

डॉ. बेंडाळे आधी चिडले. नियमावलीत नसलेला प्रश्न विचारणं हा नियमभंग होता आणि त्याचं उत्तर त्यांना द्यावं लागणार होतं. मग त्यांनी यादी मागून घेतली आणि शेवटपर्यंत वाचली. सपकाळ्यांच्या नावापाशी त्यांचं बोट थांबलं.

"यांच्या भेटीच्या अहवालावर 'उत्तम प्रतिसाद' असं मी स्वतः लिहिलंय," ते म्हणाले. "काढ कोरा कागद. प्रणालीत जात नसेल तर हाताने लिहू."

ते पत्र रुग्णांच्या हिताची राखण करणाऱ्या नीतिसमितीकडे गेलं. दोघांच्या सह्या होत्या आणि नियमभंगाची कबुलीही त्यातच होती. समितीने केंद्रातली नवी भरती थांबवली आणि कंपनीला हाच प्रश्न अकराही देशांत विचारायला लावला. कंपनीने आधी भाषांतराची अडचण सांगितली, मग हवामानाची. सहा आठवड्यांनी उत्तरं आली. पोर्तुगालमधल्या बायका आणि व्हिएतनाममधले पुरुष जवळजवळ कुमुदताईंच्याच शब्दांत बोलत होते.

चाचणी मात्र लगेच बंद झाली नाही. ज्यांना गोळी सोडायची त्यांनी सोडावी, ज्यांना सगळं कळल्यावरही चालू ठेवायची आहे त्यांनी तसं लिहून द्यावं, असं ठरलं. सपकाळ्यांनी पहिल्याच दिवशी गोळी सोडली. पंधरा दिवसांनी ते आले तेव्हा कोपर लालभडक होतं आणि ते बाकावर बसून मनसोक्त खाजवत होते. "दुखतंय," ते हर्षदाला म्हणाले, "पण निदान डोकं ठिकाणावर आहे हे कळलं."

कुमुदताई फॉर्म घेऊन आल्या त्या सही न करताच. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि सारखा करत बसल्या.

"सोडली तर महिन्याभरात हात पुन्हा तसे होणार ना?"

"बहुतेक. लवकरसुद्धा होतील."

"आणि मी परत आतल्या खोलीत." त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "काल एक नवरी आली होती आईबरोबर. तिला पाटल्या दाखवल्या माझ्या हातात घालून. ती म्हणाली, काकू, तुमच्या हातात किती छान दिसतात. तेव्हासुद्धा खाज होतीच. दिवसभर असते. रात्री पंख्याकडे बघत पडते मी."

"ताई, तुमच्या जागी मी असते तर…" हर्षदा बोलायला लागली आणि थांबली.

"तुम्ही नाही माझ्या जागी," कुमुदताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, कंटाळा होता. "वर्षभर घेते मी गोळी. पण एक अट आहे. दर वेळी मला आकडा विचारायचा. शून्य ते दहा. आणि मी सांगेन तो लिहायचा, कडं काही का म्हणेना."

त्यांनी सही केली. हर्षदाने फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला पट्टीने दोन रकाने आखले. पहिल्यात कड्याचं शून्य लिहिलं.

"सांगा ताई. आज किती?"

कुमुदताईंनी डोळे मिटले आणि खरोखर नीट विचार केला, वजनकाट्यावरचं सोनं स्थिर व्हायची वाट बघावी तसा.

"नऊ," त्या म्हणाल्या.

हर्षदाने शून्यासमोर नऊ लिहिलं. दोन्ही आकडे खरे होते. एकाच बाईचे, एकाच दिवसाचे, एकाच निळ्या शाईतले. उद्या ही गोळी बाजारात आली आणि कुणी डॉक्टर आपल्या रुग्णाला "तुम्ही बरे झालात" असं सांगायला बसला, तर तो यातला कुठला आकडा बघून सांगेल?