खडक दिवसाचा, कुलू रात्रीचा

सुनिलभाऊ, तुम्ही शाळेवर नवीन आलात आणि जंगलातली वाट विचारता, म्हणून सांगतो. दिवा राहू द्या जवळ.

मागच्या हिवाळ्यात मी कुरखेड्याला पंपाची मोटर दुरुस्तीला टाकून परत येत होतो. फाट्याजवळ गाडीची चेन तुटली. गाडी ओळखीच्या घरी लावली आणि पायवाटेनं निघालो. मोबाइल केव्हाच बंद पडला होता, पण वाट पायाखालची होती.

पुढं तिला दोन फाटे फुटतात. डावीकडची वाट गावात येते, सरळ जाणारी मुरमाच्या जुन्या खाणीवर. दिवसा वळणावरचा म्हशीसारखा काळा खडक पाहून डावीकडं वळायचं. रात्री तो अंधारात विरघळतो, म्हणून रात्री त्याच्या शेजारचं कुलूचं झाड पाहायचं. त्याचं पांढरं खोड अमावास्येलाही दिसे. पोरांनाही आम्ही हेच शिकवत आलो, खडक दिवसाचा, कुलू रात्रीचा.

ते झाड मी मारलं.

त्या हिवाळ्याआधीच्या उन्हाळ्यात डिंकाच्या हावेनं मी चोरून त्याच्या खोडाला चारी बाजूंनी खोल घाव घातले. पहिल्याच वादळात ते आडवं झालं. लोक म्हणाले, वाऱ्यानं पडलं. मीही तेच म्हणालो.

त्याच आठवड्यात बुधरीबाईला लेकीकडून परतताना अंधार पडला. म्हातारी सत्तरीची, नजर अधू. पांढरं दिसलं की वळायचं, एवढंच तिला ठाऊक. तिसऱ्या दिवशी ती खाणीत सापडली. तिला खांदा द्यायला मी सर्वांत पुढं होतो. तिचा मुलगा चैतू माझ्या गळ्यात पडून रडला, आणि मी त्याची पाठ थोपटत राहिलो.

तर चेन तुटली त्या संध्याकाळी मी वळणापाशी आलो तेव्हा पुरतं अंधारलं होतं. ओल्या पाचोळ्याचा वास येत होता. रातकिडे ओरडत होते. ते एकाएकी गप्प झाले आणि मागून काठीचा आवाज आला. टक्... टक्...

"कोन हाय?" मी विचारलं.

"मीच गा... हेमराज का तू?"

आवाज ओळखीचा होता. मला मागं वळवेना.

"कुलू दिसून नाई राह्यला बापू... किती चालली मी... अजून पुढं हाय का?"

माझा पाय त्याच झाडाच्या बुंध्याला टेकला होता. 'बाई, इथीच वळ,' एवढं म्हणायचं होतं. पण वळली असती तर ती माझ्यासोबत गावात आली असती, चैतूच्या दारात. आणि त्याला काय काय सांगितलं असतं...

"पुढं हाय, बाई," मी म्हणालो. "अजून थोडं पुढं..."

"बरं..."

काठी माझ्या अगदी शेजारून गेली. शिळ्या मोहफुलांचा वास आला. टक्... टक्... खाणीच्या दिशेनं. मी डावीकडं वळलो आणि घर येईपर्यंत पळत राहिलो.

जिवंतपणी तिची खूण हिरावली, आणि मेल्यावरही तिला खोटी वाट दाखवली. रात्रभर मी बायकोकडं तोंड करून झोपू शकलो नाही. सकाळी ठरवलं, चैतूला सगळं सांगून टाकायचं. तो अंगणात सूप घेऊन धान पाखडत होता. मला पाहताच हसला.

"बरं झालं आला, हेमराजभाऊ. रात्री माय सपनात आली होती."

"काय... काय म्हणे?"

"म्हणे, हेमराज भला मानूस हाय. दोन्ही वेळा त्यानंच मले वाट सांगतली."

त्यानं चहा मागवला. मी तो प्यायलो, आणि कबुली पोटात ठेवूनच उठलो.

पण सुनिलभाऊ, ती मेली त्या रात्री मी घरातच होतो. पहिल्या वेळी तिला मी भेटलोच नव्हतो... कोणीतरी माझ्या आवाजात...