उसनं उत्तर

दवाखान्यातून फोन आला आणि रिहाबने कॉफीचा कप खाली ठेवला.

"तुमचा औषधपंप गोठलाय! ना शिट्टी, ना दिवा. नर्सचं लक्ष गेलं म्हणून पेशंट बाई वाचल्या."

दुपारपर्यंत स्फाक्स शहरातल्या, पंप बनवणाऱ्या त्या छोट्या कंपनीने बळीचा बकरा ठरवलाही. वजदी. पंपाच्या नव्या चिपसाठी प्रोग्राम त्याने जुळवला होता आणि त्याला नोकरीला लागून जेमतेम आठ महिने झाले होते. बडतर्फीच्या पत्रावर तपासणीप्रमुख रिहाबची सही तेवढी उरली होती.

तिने त्याला समोर बसवलं.

"शिट्टी का वाजली नाही?"

"चूक झाली की प्रोग्राम ती वर फेकतो, वरचा भाग झेलतो आणि शिट्टी वाजवतो. पण ही फेकाझेल प्रत्येक कंपायलरला, म्हणजे प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाला, जमत नाही, मादाम. नव्या चिपवर आधी छोटी चाचणी चालवून पाहायची असते. उत्तर 'नाही' आलं, तर दुसरी वाट लिहायची."

"पाहिलंस?"

"उत्तराची फाईल तयारच मिळाली. 'हो' लिहिलेलं. सी मुनजी म्हणाले, चाचणी झालीय."

सी मुनजींनी, म्हणजे मुनजीसाहेबांनी, रिहाबला हाताला धरून हे काम शिकवलं होतं. कंपनीचा पहिला पंपही पाच वर्षांपूर्वी त्यांनी एकट्याने बांधला होता. रिहाबने त्यांना गाठून विचारलं, तेव्हा त्यांनी हात झटकले.

"मी फाईल पाहिलीसुद्धा नाही. पोरगं घाबरलंय, काहीही बरळतंय. सही कर, बेटी."

रिहाबने फाईल उघडली. 'हो'च्या खाली चिपची मेमरी लिहिली होती, नव्या चिपच्या चौपट. एवढी मेमरी फक्त पहिल्या पंपाच्या चिपला होती.

"सी मुनजी, ही या चिपची फाईलच नाही. तुमच्या पहिल्या पंपाची आहे. ती तुमच्याच संगणकावर असते. वजदीला कुठून मिळणार?"

त्यांनी फाईल बंद करायला हात पुढे केला. रिहाबने तो अडवला.

"नव्या चिपवर चाचणी झालीच नाही. फेकलेली चूक झेलायला कोणी नव्हतं, म्हणून पंप जागीच गोठला. खरं उत्तर आलं असतं, तर दुसरी वाट लिहायला दोन महिने गेले असते. तुम्ही जुनं 'हो' चिकटवलंत."

"तो तरुण आहे गं. त्याला दुसरीकडे काम मिळेल. माझं काय?"

"प्रत्येक चिपला स्वतः विचारून बघ, हे तुम्हीच शिकवलंत मला!" रिहाबचा आवाज फाटला. तिचा बाप खोटं बोलला असता, तरी तिला इतकं लागलं नसतं.

तिने पत्र फाडलं आणि दार उघडलं. बाहेर वजदी उभा होता.

"सी मुनजींनी माझी बाजू घेतली ना?"

"नाही," रिहाब म्हणाली. "त्यांनीच तुला पुढे केलं होतं."