खंडेनवमीची हार्ड डिस्क

नौपाड्यातल्या त्या दुकानात हार्ड डिस्कला लावायची एकच केबल उरली होती. तिचं एक टोक शेवंतीच्या हातात होतं, दुसरं एका उंच, सावळ्या मुलाच्या.

"मी आधी धरली," शेवंती म्हणाली.

"हो. पण मी घट्ट धरलीय."

तिने नाक मुरडलं. आपल्याला कोलशेतच्या रंगाच्या कारखान्यात जायचंय, महत्त्वाचं काम आहे, असं जरा तोऱ्यातच सांगितलं. त्याबरोबर त्याने केबल सोडली. "मग ठेवा तुम्हीच. तिथले कॉम्प्युटर मीच बघतो. गोपीनाथ म्हात्रे... डोंबिवली."

मग रिक्षा एकच झाली. टेंभी नाक्याला देवीच्या गर्दीत ती अडकली, आणि चेंदणी कोळीवाड्यात वाढलेल्या शेवंतीला आयुष्यात पहिल्यांदा त्या गर्दीचा राग आला नाही. तिने नुसत्या सॉफ्टवेअरने कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर बसवला होता. नव्याण्णव साली ही गोष्ट ऐकून लोक तिच्याकडे संशयाने बघत. त्या आतल्या कॉम्प्युटरची अख्खी डिस्क म्हणजे बाहेरच्या कॉम्प्युटरवरची एक भलीमोठी फाइल, हे गोपीनाथला मात्र अर्ध्या वाक्यात कळलं. तेवढ्यानेच ती निम्मी विरघळली होती.

उरलेली निम्मी कारखान्यात. तिने आणलेली डिस्क लिनक्स या वेगळ्या प्रणालीच्या पद्धतीची, त्याच्या मशीनवर विंडोज. डिस्क जोडताच पडद्यावर प्रश्न आला, ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करायची का? गोपीनाथचं बोट सवयीने 'हो'कडे निघालं आणि शेवंतीने त्याचं मनगट गच्च पकडलं.

"सगळं पुसलं जाईल रे माझं!"

धोका टळला. मनगट सुटायला मात्र... जरा वेळ लागला.

तिचा जीव का टांगणीला लागला होता, ते तिने मग सांगितलं. दसऱ्यानंतर कारखान्याच्या शेठना हे चालवून दाखवायचं, जमलं तर कायमची नोकरी. नाही जमलं, तर बाबा सातपाटीच्या स्थळाला होकार कळवणार. स्थळ चांगलं होतं, दोन बोटींचं. फक्त तिला नको होतं. गोपीनाथ ऐकत राहिला. मग म्हणाला, दोन्ही मशीनना वाचता येईल अशी जुनी, साधी पद्धत आहे, त्या पद्धतीने एक कोरी डिस्क तयार कर आणि फाइल तिच्यावर उतरव. ते शेवंतीलाही ठाऊक होतं. पण त्याच्या तोंडून ऐकायला बरं वाटलं.

तिने आपल्या लिनक्सच्या मशीनवर फाइल कोऱ्या डिस्कवर उतरवली आणि ती डिस्क जपून घरी ठेवली. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आईने जाळी, कोयते, होडीचं इंजिन पुजलं, आणि लेकीचं हत्यार तरी का वगळायचं म्हणून डिस्कवरही पाणी शिंपडून हळदकुंकू वाहिलं. झेंडूचं फूल ठेवलं. मायेपुढे कोण काय बोलणार? शेवंतीने फूल काढलं, डिस्क पुसली आणि दसऱ्यानंतर कारखाना गाठला.

डिस्क जोडली. मशीनला ती दिसेचना. केबल उपसून बघितली, तर डिस्कच्या सगळ्या पिना ओल्या कुंकवाने लालभडक! शेठ यायची वेळ झालेली. शेवंतीचे डोळे भरून आले.

गोपीनाथ हसला नाही. त्याने प्रथमोपचाराच्या पेटीतून स्पिरिट आणलं. रंगाच्या कारखान्यात ब्रशला काय तोटा! सर्वांत बारीक ब्रश घेऊन तो एकेक पीन साफ करू लागला. ती डिस्क धरून उभी राहिली. त्याच्या कपाळावर घाम होता, हात जराही हलत नव्हता. हा माणूस आपल्याला आवडतो, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं.

पुन्हा जोडली. डिस्क घरघरली... फाइल दिसली. विंडोजच्या चौकटीत तिचं लिनक्स ओळीमागून ओळ उलगडत गेलं आणि मागून शेठचा आवाज आला, "हे काय, दोन कॉम्प्युटर एकात?"

शेठनी दोनदा बंद-चालू करून बघितलं आणि एक तारखेपासून ये म्हणाले.

ते गेल्यावर खोलीत दोघंच उरली.

"सातपाटीला काय कळवणार आता?" गोपीनाथने ब्रश पुसत विचारलं.

"नोकरी लागली म्हणून."

"एवढंच?"

"नाही... मला दुसराच कुणी आवडतो, असंही." शेवंतीने मान खाली घातली नाही. "पण ते बाबांना एकटीने नाही सांगणार. तू चल."

"मी? कधी?"

"आज संध्याकाळी."

इतका वेळ न हललेल्या त्याच्या हातातून ब्रश निसटला. तो उचलायचंही त्याला सुचलं नाही.

"रिकाम्या हाताने कसा येऊ? मासे आणू?"

"कोळ्याच्या घरी मासे?" ती खळखळून हसली. "काही आणू नकोस रे. फक्त ये."

"येतो," तो म्हणाला. आणि संध्याकाळ व्हायला अजून चार तास असताना चपला घालून दारात उभा राहिला.