दोरीवरचे कपडे

आमच्या बिल्डिंगमध्ये बाल्कनीत कपडे वाळत घालायला मनाई आहे. शारजातल्या रोल्ला भागातली जुनाट इमारत, लिफ्ट आठवड्यातून दोनदा रुसते, खाली सँडविचवाल्याच्या तेलाचा वास जिन्यात मुरलेला. पण नियम मात्र राजवाड्याचे. आई व्हिजिट व्हिसावर कराडहून आली आणि पहिल्याच दिवशी वॉचमनशी तिचं वाजलं.

"उन्हाचा देश म्हणे! आणि कपडे घरात वाळवायचे, एसीत!"

मग तिने आपला मार्ग काढला. मोठ्यांचे कपडे हॉलमधल्या स्टँडवर, आणि पर्णिकेचे, म्हणजे माझ्या सात वर्षांच्या मुलीचे, बाल्कनीच्या कठड्याआड चोरून. फ्रॉक उलटा करून, घेराकडून चिमटे लावून, म्हणजे रंग उडत नाही आणि खांद्याला टोकं येत नाहीत. आणि दिवेलागणीच्या आत ते कपडे घरात. यात कधी चूक नाही. लहान लेकराचे कपडे तिन्हीसांजेला बाहेर राहू द्यायचे नसतात, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. एकदा मी मुद्दाम खोदून विचारलं, राहिले तर काय होतं? "कपड्यावरून लेकरू ओळखतात," ती म्हणाली. कोण ओळखतात? "ते मला काय माहीत? माझी आई सांगायची, काढून आण. मी आणायचे." मी हसलो. मी इंजिनिअर आहे, मला हसायला एवढं पुरतं.

त्यातही मी फसाडचा माणूस. फसाड म्हणजे इमारतीचा दर्शनी भाग. दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या ऑफिसात बसून मी दिवसभर इमारतींचे चेहरे काढतो. मागे काय आहे ते दुसरे लोक बघतात. रास अल खैमाच्या अलीकडे समुद्राकाठी कोणा बिल्डरने भूमध्य समुद्रावरचं एक जुनं बंदरगाव हुबेहूब उभं केलंय, त्यातल्या एका गल्लीचे चेहरे माझे. पिवळ्या-गुलाबी भिंती, लाकडी झडपांच्या खिडक्या, हिरवं दार. सगळं खोटं. खिडकीमागे ब्लॉकची भिंत, तिच्यामागे अख्खा काँक्रीटचा पट्टा, त्यामागे पार्किंग. ही ड्रॉइंग्ज माझ्या हातची आहेत, म्हणून छातीठोकपणे सांगतो.

आई परत जायच्या आदल्या आठवड्यात इशिताने, माझ्या बायकोने, त्या गावाची एका दिवसाची टूर काढली. आम्हाला शेंगेन व्हिसा दोनदा नाकारला होता. "युरोप नाही तर निदान त्याचं बुजगावणं तरी दाखवू आईंना," ती म्हणाली.

सकाळी रोल्लाहून बस निघाली. आईने निळी, बारीक पांढऱ्या चौकड्यांची सुती साडी नेसली होती. पर्णिकेला पिवळा फ्रॉक, आईनेच आदल्या दिवशी धुतलेला. शारजा सोडेपर्यंत आईने अर्ध्या बसला तिखटमिठाच्या पुऱ्या वाटल्या होत्या. आमचा गाइड विघ्नेश, कणकवलीकडचा हसरा पोरगा, हातात छोटा निळा झेंडा घेऊन माइकवर बोलत होता. "काकू, आज तुम्ही युरोपात. पासपोर्ट नको, स्वेटर नको. यल्ला, चला!"

गाव दिसायला खरंच देखणं होतं. दगडी फरशी, चौकात कारंजं, धक्क्याला बांधलेल्या कोळ्यांच्या होड्या, ज्यांचे तळ सिमेंटमध्ये बसवलेले. समुद्र तेवढा खरा, आणि तो आपला आखातातला, सपाट, गढुळ हिरवा. विघ्नेश पाठ केलेलं सांगत होता: इथे बाजार भरायचा, इथून जहाजं सुटायची. कधी भरायचा, कुठली जहाजं, कोणी विचारलं नाही.

"बाबा, इट्स सो फेक," पर्णिका म्हणाली, आणि सँडल पायातून उडवून कारंज्यात पाय सोडून बसली. आईने ते सँडल उचलले, जोडीने नीट ठेवले. पोरगी नेहमी फेकते, आजी नेहमी जोडीने ठेवते. घरातही दिवसभर हेच चालायचं.

संध्याकाळकडे आम्ही माझ्या गल्लीत आलो. तिला एकच तोंड आहे. पुढे हिरवं दार आणि बंद भिंत. वर भिंतीपासून भिंतीपर्यंत दोऱ्या आणि त्यांवर शोभेचे कपडे. ड्रॉइंगमध्ये मी फक्त चादरी दाखवल्या होत्या, आग न धरणाऱ्या कापडाच्या. आता मधल्या दोरीवर झबली होती, दुपटी होती, एक छोटा सदरा होता. सजावटवाल्यांनी बदललं असेल, मी म्हटलं.

माझ्या चष्म्यावर थेंब पडला.

मी वर पाहिलं. एसीचं पाणी असेल असं वाटलं, मग आठवलं की या भिंतींना एसी नाही. खाली फरशीवर ओला डाग होता आणि त्याला अंगाच्या नव्हे, कपड्याच्या साबणाचा वास येत होता.

आई मान वर करून उभी होती. आल्यापासून पहिल्यांदा ती इतकी खूश दिसली.

"बघ, मोकळ्या हवेत कसे वाळतात." मग तिचा चेहरा बदलला. "अरे, पण दिवे लागायची वेळ झाली. ही बाई अजून कपडे काढत कशी नाही?"

"कुठली बाई? आई, खोटे आहेत गं ते. आत कोणी राहत नाही."

"खोटे कसे? पाणी गळतंय." तिने पदर सावरला. "आणि खोटे असले तरी लेकराचे आहेत. सांगून येते."

मी पुढे काही बोलणार तोच चौकातून पर्णिका ओरडली, तिची टोपी समुद्रात उडाली होती. मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन इशिताला हात केला, टोपी राहू दे म्हटलं, आणि वळलो. एवढाच वेळ.

गल्ली रिकामी होती.

मधली दोरीही रिकामी होती. एकही झबलं नव्हतं.

हिरव्या दाराशी आईच्या चपला होत्या. जोडीने, नीट, परक्याच्या घरी जाताना ती काढून ठेवते तशा.

पुढचं मी जेवढं जमेल तेवढं नीट सांगतो. मी दार ठोठावलं. ते दार नव्हतंच, भिंतीवर बसवलेली फळी होती, बिजागरी नुसती दाखवायला. मी ते दोन्ही मुठींनी बडवलं. हाका मारल्या. विघ्नेश धावत आला, सिक्युरिटी आली, मग पोलीस आले. पोलीस चांगले वागले, माझ्या पाठीवर हात ठेवून "इन्शाल्ला, मिलेगी" म्हणत राहिले. कॅमेऱ्यात आई गल्लीत शिरताना दिसते, बाहेर येताना दिसत नाही. त्याच रात्री त्यांनी दार काढलं, मागची भिंत फोडली. काँक्रीट निघालं. माझ्या ड्रॉइंगमध्ये होतं तसंच, तेवढ्याच जाडीचं. आपलं काम बरोबर निघाल्याचं इतकं दुःख मला आयुष्यात झालं नव्हतं.

विघ्नेश मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "सर, तुम्ही लहान मुलांचे कपडे म्हणताय... डेकोरमध्ये लहान मुलांचे कपडे कधीच नव्हते हो. नुसत्या चादरी."

आईच्या परतीचं विमान तिच्याशिवाय गेलं. कराडला काकांना काय सांगायचं ते सुचेना, फोन वाजला की मी बाथरूममध्ये जायचो. दार पुन्हा बसवलं, भिंत लिंपली, टूर सुरू झाल्या. मी दर शनिवारी त्याच बसने जायला लागलो, कारण टूरशिवाय त्या गावात सोडत नाहीत. सुरुवातीला इशिता सोबत यायची. मग म्हणाली, "खलास, रणजित. पोरगी घाबरते तुला." पर्णिकेला मात्र तिने पुन्हा तिथे पाऊल टाकू दिलं नाही. ती बरोबरच होती.

पहिले काही शनिवार काही नाही. मग एका दुपारी मधल्या दोरीवर निळी साडी होती. बारीक पांढऱ्या चौकड्या. चौपदरी घडी घालून, काठ काठाला जुळवून वाळत घातलेली, आई घालते तशी. आणि ती ठिबकत होती.

मी विघ्नेशला ओढत आणलं. मला भ्रम होत नाहीये एवढं तरी कोणी सांगावं.

"साडी आहे, सर," तो म्हणाला. "खरंच साडी आहे हो."

दोरी उंच होती. खिडकीतून हात काढल्याशिवाय पोचायची नाही. आम्ही शिडी आणायला गेलो. शिडी घेऊन आलो तोवर ऊन उतरलं होतं आणि दोरी मोकळी होती. फरशी तेवढी ओली.

त्यानंतर साडी दर शनिवारी असायची. दुपारी ओली, उन्हात वाळायची, आणि दिवे लागायच्या आत नाहीशी. मी नजर हटवत नसे. तरी कोणीतरी फोटो काढायला सरकायला सांगे, शिंक येई, डोळ्यात धूळ जाई, आणि तेवढ्यात ती काढून नेलेली असे. हात मला कधी दिसला नाही. मी त्या भिंतीशी बोलायचो. लाज सोडली होती. "आई, चल ना गं घरी. बाल्कनीत घाल हवे तेवढे कपडे, वॉचमनला मी बघतो. आई, ऐकू येतंय का?" पर्यटक लांबून बघायचे, त्यांना तोही टूरचा भाग वाटायचा. एक जण टाळ्याही वाजवून गेला. मला आई हवी होती. ती आत आहे आणि रोज कपडे धुते आहे, हे कळल्यावर तर घरी बसवतच नव्हतं.

मग एका शनिवारी बस वाहतुकीत अडकली. गल्लीत पोचलो तेव्हा ऊन भिंतीच्या वरच्या टोकाला गेलं होतं.

साडी होती. तिच्या शेजारी पिवळा फ्रॉक होता.

उलटा केलेला, घेराकडून चिमटे लावलेला. कॉलरला टाका होता, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा. तो टाका मी घातलाय, बेंगरूळ, इशिता हसली होती त्याला.

मी घरी फोन लावला.

"पर्णिका कुठंय?"

"झोपलीय आत. का रे?"

"काय घातलंय तिने?"

"तोच पिवळा फ्रॉक. त्या दिवसापासून धुवू देत नाहीये, आजीचा वास जाईल म्हणते. रणजित, काय झालं?"

"बघ जाऊन. फोन ठेवू नकोस. आत्ता बघ."

तिची पावलं ऐकू आली. खोलीचं दार उघडल्याचा आवाज आला. "पर्णी?" ती म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्याने. मग बाथरूमचं दार. मग बाल्कनीचं.

मग ती नुसतं माझं नाव घेत राहिली.

फ्रॉकमधून पाणी ठिबकत होतं. स्वच्छ धुतलेला होता तो. ऊन भिंतीवरून सुटलं आणि चौकातले दिवे एकेक करून लागायला लागले. साडी जाग्यावर नव्हती. फ्रॉक अजून होता. तो तसाच बाहेर ठेवून मला तिथून हलणं शक्य नव्हतं.

मी हिरव्या दाराशी गेलो.

खाली छोटे सँडल होते. जोडीने, नीट ठेवलेले.

आतून कोणीतरी कडी काढत होतं, सावकाश, हात ओले असल्यासारखं.

मी फोन फरशीवर ठेवला, उकिडवा बसलो, आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागलो.