सातव्या दाराचा हुंकार

ही घडलेली गोष्ट आहे. ज्याला खोटी वाटेल त्याने मुडबीला जाऊन विचारावं. त्या दिवशी अमृतप्पाच्या शेतात जेवायला बसलेली माणसं अजून आहेत.

साल एकोणीसशे बावन्न. येळ अमावस्या, शेतात पूजा करून तिथंच जेवायचा सण. दिवस मावळायला आला होता.

अमृतप्पा शेतकरी, पण मुलखात त्याचं नाव गोष्टीसाठी. पाताळातल्या सात दारांची त्याची गोष्ट दर हिवाळ्यात थोडीथोडी पुढे सरकायची. सहा दारं उघडली होती. सातवं राहिलं होतं.

गोष्टीला हुंकार लागतो. सांगणारा एक वाक्य टाकतो, ऐकणाऱ्यांतला एकजण ‘हूं’ म्हणतो, मग पुढचं वाक्य येतं. हुंकार नाही तर गोष्ट नाही. अमृतप्पाला हुंकार द्यायची त्याची बायको, निलम्मा.

सातवं दार यायच्या आधीच ती तापाने पडली. हुमनाबादच्या दवाखान्यात नेताना बैलगाडीतून म्हणाली, “मी आल्याबिगर दार उघडू नका.”

ती आली नाही.

त्यांच्यात मेलेल्या माणसाला बसवून पुरतात. शेताच्या बांधाजवळ निलम्माला बसवलं. गोष्ट ऐकायला बसायची, तशीच. त्यानंतर अमृतप्पाने गोष्ट तोंडातून काढली नाही.

त्या अमावस्येला कडब्याच्या कोपीत, पेंढ्या उभ्या करून केलेल्या खोपटात, पूजा झाली. कोपीसमोर भज्जी-आंबील खाऊन माणसं सुस्तावली. शेजारच्या शेतातल्या वीरण्णाने विषय काढलाच.

“अमृतप्पा, आमी म्हातारे झालाव. दाराआड काय हाय ते कळायच्या आधीच मरावं का?”

“मला पुढचं येईना झालंय.”

“म्हणून तर मंठाळहून गुंडप्पाला आणलाव. चांगला सांगतो. त्याला जोडीला घे.”

“माझी गोष्ट दुसऱ्यानं कामून सांगावी?”

अमृतप्पाची धाकटी बहीण अक्कम्मा भांडी आवरत होती. “तुझ्या एकट्याची हाय व्हय, अण्णा? ऐकून ऐकून आमचे बी कान झिजले. अर्धी गोष्ट घरात ठेवू न्हाई. जड होते.”

अमृतप्पाने बांधाकडे पाहिलं.

“सांगू द्या त्याला,” एवढंच म्हणाला.

गुंडप्पाने घसा साफ केला. “राजकन्या सहाव्या दारातून बाहेर पडली...”

“हूं.”

“तिच्या हातातला दिवा विझला...”

“हूं.”

अमृतप्पाने मान वर केली.

किंचित लांबवलेला, शेवटी नाकात जाणारा. हा हुंकार तो ओळखत होता.

त्याने एकेकाचं तोंड पाहिलं. वीरण्णा पान चघळत होता. अक्कम्माचे ओठ मिटलेले.

हुंकाराला कुणाला बसवलंच नव्हतं. ज्याला त्याला वाटलं, दुसरा कोणी देतोय.

त्याने बांधाकडे कान लावला. तिकडून काहीच नाही.

आवाज येत होता... रिकाम्या कोपीतून.

“समोर सातवं दार. तिनं कडीला हात...”

“हूं.”

वाक्य पुरं व्हायच्या आधीच.

गुंडप्पा थांबला.

“हूं.”

कोणी काही बोललं नव्हतं.

“हूं.” आता घाईचा.

बैलांनी दावी ताणली. गुंडप्पा उठून उभा राहिला. “अण्णा... कोपीत कोण हाय?”

वीरण्णाने कंदील आत धरला. पूजेचे पाच दगड. आंबिलीचं मडकं. माणूस नाही.

गुंडप्पा वहाणा तिथंच टाकून मंठाळच्या वाटेला लागला.

घरी येताना अमृतप्पा गाडीत रडत होता. “आली होती ती. वाट बघायली होती. उद्या मीच दार उघडतो. सुटू दे तिला.”

अक्कम्मा त्याच्या शेजारी सरकली.

“अण्णा... तो वहिनीचा आवाज न्हवता.”

“मी वळखत न्हाई व्हय?”

“तिच्यासारखा होता. तिच्यासारखा कराया लागलं होतं कुणीतरी.”

दुसऱ्या दिवशी गोठ्यात अमृतप्पा बैलाला म्हणाला, “पाणी पी रे.”

घरातून आलं... “हूं.”

घरात कोणी नव्हतं.

तेव्हापासून त्याने बोलणं सोडलं. भाकर मागायची तर हाताने. वाक्य पुरं करायचीच भीती.

निलम्मा असेल, तर गोष्ट संपवून तिला मोकळं करायला हवं. ती नसेल... तर सातवं दार कुणासाठी उघडायचं?

वीरण्णाने पुन्हा कधी विचारलं नाही. आता विचारायचं होतं ते अमृतप्पाला, त्या आवाजालाच. एका दुपारी त्याने घराचं दार लावून घेतलं. किती तरी दिवसांनी तोंड उघडलं.

“निले, तूच हाइस का?”

“हूं.”

त्याचे डोळे भरून आले. भिंतीला टेकून तो खाली बसला. मग, विचारू नये ते विचारलं.

“तू निलम्मा न्हाईस, व्हय?”



“हूं.”